अन्यायानं बनवलेल्या खाद्यमालावरची आयातबंदी आणि त्यावरून होणारे व्यापारी वाद

बाहेरून येणारी साखर, तेल, मासळी, पेंड किंवा दूध एखाद्या देशानं "हा माल चुकीच्या पद्धतीनं तयार झालाय" म्हणून बंदरावर अडवला की दोन देशांत जे भांडण लागतं ते म्हणजे हा वाद. माल खराब किंवा भेसळीचा आहे असं इथं कुणी म्हणत नसतं, साखर ती साखरच असते. भांडण असतं ते मजुराला वेठीला धरलं का, समुद्रात काय मारलं, जनावराला काय खाऊ घातलं, सरकारनं पैसा ओतून भाव पाडला का यावर. मराठवाड्याला हे लांबचं वाटतं पण लातूरच्या मोंढ्यातलं (धान्यबाजारातलं) सोयाबीन आणि बीडच्या ऊसतोड्यांची उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेला पैसा) दोन्ही यात येतात, फरक एवढाच की सोयाबीनमध्ये बंदी मागणारे आपण असतो आणि उसात बोट आपल्याकडं येतं.

कायदा बघायचा तर देशादेशांतल्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या १९४७ च्या गॅट कराराचं कलम २०. एरवी आयातबंदी चालत नाही, पण सार्वजनिक नीतिमत्ता, आरोग्य, संपत चाललेली निसर्गसंपत्ती या कारणांसाठी सूट आहे. कैद्यांकडून करून घेतलेल्या मालाचा तिथं स्पष्ट उल्लेख आहे पण वेठबिगार आणि बालमजुरी हे शब्दच नाहीत, आणि आजचे निम्मे वाद या राहून गेलेल्या गोष्टीमुळं आहेत असं माझं मत आहे.

सगळ्यात गाजलेली केस कोळंबीची. जाळ्यात कासवं मरतात म्हणून अमेरिकेनं १९८९ मध्ये कायदा केला की जाळ्याला कासव बाहेर सोडणारी जाळी बसवा नाहीतर कोळंबी घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात हेतू बरोबर पण वागणूक चूक असं ठरलं, कारण कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीला ३ वर्षं दिली होती आणि आशियातल्यांना फक्त ४ महिने! म्हणजे मालाच्या मागची पद्धत बघून बंदी घालता येते पण सगळ्यांना एकच माप लावावं लागतं, हे तिथून पक्कं झालं.

मजुरीच्या बाबतीत अमेरिकेचा १९३० चा टॅरिफ कायदा जुना आहे. त्याखाली २०२० मध्ये मलेशियातल्या एफजीव्ही आणि साइम डार्बी या कंपन्यांचं पामतेल अडवलं, २०२२ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सेंट्रल रोमाना कंपनीची साखर. साइम डार्बीनं नोकरी लावून देताना परदेशी मजुरांकडून उकळलेली दलाली त्यांना परत केली, कारभार सुधारला आणि २०२३ मध्ये बंदी उठली. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, बंदीमुळं मजुराच्या हातात पैसा पडला.

आता आपल्याकडचं सोयाबीन. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या बियाण्याच्या) सोयाबीनची तेल काढून उरलेली पेंड आणायला परवानगी दिली, तेही नवीन माल मोंढ्यात यायच्या तोंडावर, आणि भाव पडले. पोल्ट्रीवाल्यांचं खरंच कंबरडं मोडलं होतं, पेंड लई महाग झाली होती हे मान्य. पण जीएम सोयाबीन इथल्या शेतकऱ्यानं पेरलं तर गुन्हा आणि तेच बियाणं पेरून परदेशात काढलेल्या मालाची पेंड चालते, यात बरोबरीची स्पर्धा कुठंय? सरकारचं म्हणणं की पेंड दळलेली असते, उगवत नाही. आणि आमच्या सोयाबीनला हमीभाव केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की गाडी माघारी, २०२४ च्या हंगामात तेवढी १५ पर्यंत सूट मिळाली. दुधाचंही असंच आहे, गाईला मांसाचं खाद्य दिलेलं नाही असं सर्टिफिकेट भारत मागतो आणि अमेरिकेला ते मान्य नाही.

साखरेत मात्र आपण आरोपी. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान भाव) आणि निर्यात अनुदानावर तक्रार केली, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला, भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच २०१९ पासून बंद पडलंय म्हणून ते तसंच लटकलंय. एफआरपीवर हात पडला तर ऊसवाला शेतकरी मरतो, तिथं सरकारनं मागं हटू नये.

पण तोडणीचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर आपल्याकडं उत्तर नाही. केज, धारूर, पाटोद्याकडची जोडपी दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा मिळून एकच मजूर-हिशोब, धरला जातो, बाईची मजुरी वेगळी अशी हातात येत नाही, खाडा झाला की दंड कापतात आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यात १३ हजारांवर ऊसतोड बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, त्यामुळं बहुतेक मजुरांचं नाव कारखान्याच्या दप्तरात नसतंच.

युरोपचा सक्तीच्या मजुरीच्या मालाविरुद्धचा कायदा १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय आणि कच्च्या मालापासूनची सगळी साखळी त्यात तपासता येते. "आमच्याकडं असं काही नाही" हे तोंडी सांगून तिथं भागणार नाही, टोळीतल्या प्रत्येकाची, बाईचीसुद्धा, कारखान्याच्या दप्तरी नोंद आणि मजुरी थेट तिच्या खात्यात एवढं तरी दाखवावं लागेल.