पोलीस ठाण्यातून प्रत हवी आहे? आधी नोंद कशात झाली ते विचारा

पोलीस ठाण्यात कागद मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. त्याला हवा असलेला कागद तिथे तयारच झालेला नसतो. दिलेला असतो तक्रार अर्ज आणि मागत असतो एफआयआर. किंवा नोंद झालेली असते वस्तू गहाळ झाल्याची आणि विमा कंपनीला हवा असतो चोरीचा गुन्हा. ठाणे अंमलदारासमोर बसल्यावर पहिला प्रश्न ‘प्रत कधी मिळेल’ हा नको. ‘नोंद कशात झाली आणि नंबर काय’ हे आधी विचारा. त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

शिक्क्याचा अर्ज, एनसी आणि एफआयआर

घरून लिहून नेलेली तक्रार दोन प्रतींत न्यावी. एक ठाण्यात राहते, दुसरीवर गोल शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घालून परत मिळते. ही झाली पोच. शिक्का दिसला की लोक निर्धास्त होतात, पण या कागदाचा अर्थ ‘अर्ज मिळाला’ एवढाच. विमा कंपनी याला गुन्ह्याची नोंद मानत नाही. शिवाय नुसता शिक्का असेल आणि आवक क्रमांक नसेल, तर महिन्याभराने तो अर्ज बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) शोधून काढणं ठाण्यातल्या माणसालाही जमत नाही. क्रमांक घातल्याशिवाय टेबल सोडू नका.

यानंतर ‘अर्ज चौकशीवर ठेवलाय’ हे वाक्य ऐकू येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा) गुन्ह्यात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते. त्यासाठी उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि मुदत असते १४ दिवसांची. अर्ज त्याहून जास्त दिवस पडून असेल तर ही परवानगी कोणत्या तारखेला घेतली, एवढं लेखी विचारा. पुष्कळदा तेवढ्यानेच फाइल हलते.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, कलम १७४ खालची. तिची प्रत मिळते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. शिवीगाळ, किरकोळ मारहाण इथे जाते. चोरीच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीनुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र आहे. तीन वर्षं वापरलेल्या फोनची किंमत कोणी अंदाजाने ‘चार हजार’ लिहिली, की एनसी होते. बिल सोबत न्या. चोरी कशी झाली तेही नीट सांगा. हातातून हिसकावून नेलेला फोन भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये येतो. घरातून किंवा प्रवासी वाहनातून, म्हणजे बस-लोकलमधून गेलेला कलम ३०५ मध्ये येतो. या दोन्हींत किंमत कितीही असो, गुन्हा दखलपात्रच. ‘प्रवासात फोन गेला’ असं मोघम लिहिणारा स्वतःच स्वतःची नोंद हलकी करून घेतो.

एफआयआर झाली की तिची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला लगेच आणि मोफत द्यायची, असं कलम १७३(२) सांगतं. झेरॉक्सचे पैसेही मागायचे नाहीत. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली हे कारण आता चालत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो. इथे एक खाच आहे: शून्य नंबरची प्रत घेऊन लोक थेट विमा कंपनीत जातात आणि परत येतात. खरा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) हद्दीच्या ठाण्यात पडतो, आणि तो तिथून घ्यावा लागतो.

ई-मेल किंवा पोर्टलवरून फिर्याद पाठवता येते, पण तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. ही मुदत पोलिसांनी उत्तर द्यायची आहे, असं समजून लोक घरी वाट पाहत बसतात. मुदत तुमची आहे. सही झाल्यावरच नोंद पूर्ण होते.

सही करण्याआधी काय वाचायचं

एफआयआरचा छापील नमुना ठरलेला असतो. पहिल्या पानावर घटना कधी घडली आणि ठाण्यात खबर कधी मिळाली, या दोन वेळा वेगवेगळ्या असतात. त्यांत अंतर असेल तर पुढे ‘विलंबाचं कारण’ असा रकाना येतो. तो ‘निरंक’ सोडला जातो आणि नेमका त्यावरच विम्याचा दावा अडकतो. तुम्ही आधी रुग्णालयात होता, गावी होता, गाडी शोधत होता, जे खरं असेल ते तिथे लिहून घ्या. त्यानंतर मालाचं वर्णन आणि एकूण किंमत. वाहन असेल तर चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसी (वाहनाचं नोंदणीपत्र) समोर धरून एकेक अंक जुळवा. स्वतःचा मोबाइल नंबरही तपासा, कारण पुढचे संदेश त्याच नंबरवर येतात.

एकदा नोंदलेली एफआयआर खोडून दुरुस्त होत नाही. चूक राहिलीच तर तपासी अंमलदाराकडे पुरवणी जबाब नोंदवावा लागतो, आणि दाव्याच्या कागदांत त्या जबाबाचाही उल्लेख करावा लागतो. फिर्याद वाचून दाखवणं हा कायद्याचाच भाग आहे. मागे रांग आहे म्हणून घाईत सही करू नका.

गहाळ नोंद आणि मोबाइल

कागदपत्रं, पाकीट, फोन हरवला असेल तर गहाळ नोंद ऑनलाइन होते, काही मिनिटांत. दुय्यम आरसी, मार्कशीट, पासबुक यांसाठी तेवढी पुरते. नाव मात्र हरवलेल्या कागदावर जसं होतं तसंच घाला. आधारवर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं असेल तर मार्कशीटचं. या नोंदीवर तपास होत नाही, त्यामुळे चोरी झालेली वस्तू ‘सोपं पडतं’ म्हणून गहाळ दाखवू नका. ठाण्यातूनच तसा सल्ला मिळाला तरीही. चोरीवरचा विमा गहाळ नोंदीवर मिळत नाही आणि नंतर बदलायला गेलात तर दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलतात.

फोन बंद करून घ्यायचा असेल तर केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर पोलीस नोंदीचा क्रमांक, तिची प्रत, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि ओळखपत्र लागतं. आयएमईआय खोक्यावर किंवा बिलावर सापडतो. अर्ज अडतो तो ओटीपीपाशी. आधी त्याच नंबरचं दुय्यम सिम घ्यावं लागतं, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागतात. सिम घेतल्याच्या संध्याकाळी दहा वेळा ओटीपी मागवून ‘साइट बंद आहे’ म्हणणारे बरेच. दुसऱ्या दिवशी करा.

ऑनलाइन एफआयआर का सापडत नाही

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची असते. जोडणीची अडचण असेल तर ४८ तास, दुर्गम भागात ७२. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रसिद्ध एफआयआर’ मध्ये जिल्हा, ठाणं आणि तारीख घालून ती उतरवता येते. तारीख गुन्हा नोंदवल्याची घालायची, घटनेची नाही. न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचार), दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं तिथे दिसणारच नाहीत, आणि तसंच असायला हवं. पीडितेला तिची प्रत ठाण्यातून मिळते. ज्याच्यावर गुन्हा दाखल झालाय त्यालाही प्रतीचा हक्क आहे: अर्ज आणि नेहमीची फी दिल्यावर २४ तासांत ठाण्यातून, किंवा न्यायालयात अर्ज करून दोन कामकाजी दिवसांत. दोषारोपपत्र मात्र ऑनलाइन शोधू नका. ती जाहीर करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली आहे.

नोंदच घेत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायची, आयुक्तालय असेल तर परिमंडळाच्या उपायुक्तांना. कलम १७३(४) ची ही पायरी आहे. रजिस्टर पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा, कारण त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली जायचं झालं तर आधी अधीक्षकांकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि शपथपत्र दोन्ही लागतात. व्हॉट्सअॅपवर साहेबांना पाठवलेला फोटो त्या पुराव्यात बसत नाही. पायरी गाळून थेट न्यायालयात गेलेले अर्ज याच मुद्द्यावर फेटाळले जातात.

तपास चालू असताना

पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब तपास चालू असताना फिर्यादीला मिळत नाहीत. तपासी अंमलदार नाही म्हणतो तेव्हा तो प्रत्येक वेळी टाळाटाळच करत असतो असं नाही. दोषारोपपत्र गेल्यावर कलम २३० प्रमाणे प्रती न्यायालयातून मिळतात. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्या आरोपीला आणि पीडितालाही द्यायच्या असतात. पीडितापुढे कायद्यात छोटी अट आहे: त्याच्या वतीने वकील हजर असला पाहिजे. वकीलपत्र दाखल नसेल तर यादीत नाव येत नाही, आणि हे कोणी सांगतही नाही.

तपास कुठवर आला हे मात्र विचारता येतं. कलम १९३(३) प्रमाणे ९० दिवसांच्या आत प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, एसएमएसनेही चालतं. ९० दिवसांत तपास संपलाच पाहिजे, असा याचा अर्थ लावून भांडू नका. ९१ व्या दिवशी गु.र.नं., तारीख आणि या कलमाचा उल्लेख करून चार ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या.

माहितीचा अधिकार कुठे चालतो

१० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दोन पानी कैफियत लिहिलेला अर्ज याच कारणाने परत येतो. ‘कारवाई का केली नाही’ हा प्रश्न माहितीत बसत नाही. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावरील शेऱ्यांसह टिपणीची प्रत’ हे बसतं. मुदत ३० दिवस. अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला तर आणखी पाच धरा.

‘तपास सुरू असल्याने कलम ८(१)(ज) नुसार माहिती नाकारण्यात येत आहे’ हे छापील उत्तर ठरलेलं आहे. त्या कलमात तपासाला अडथळा येईल अशी माहिती म्हटलंय, तपास चालू असलेली सगळी माहिती नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात हेच स्पष्ट केलं. अडथळा कसा येईल याचं कारण उत्तरात नसेल, तर ३० दिवसांत २० रुपयांच्या तिकिटासह पहिलं अपील करा आणि मुद्दा तेवढाच ठेवा.

चोरीला गेलेली गाडी आणि ‘अ समरी’

सर्वांत जास्त हेलपाटे इथे होतात. गाडी सापडली नाही की विमा कंपनी एफआयआरवर थांबत नाही, ‘फायनल रिपोर्ट’ मागते. आपल्याकडे त्याचं नाव समरी. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, ती ‘अ’. फिर्याद खोटी, ती ‘ब’. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची, ती ‘क’. दाव्याला ‘अ’ लागते. पोलीस ती न्यायालयाला पाठवतात आणि दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केल्यावरच तिला अर्थ येतो. ठाण्यातून मिळालेली समरीची झेरॉक्स घेऊन गेलेल्यांना कंपनी परत पाठवते ती यासाठीच.

म्हणून तपासी अंमलदाराला ‘समरी पाठवली का’ एवढंच विचारून थांबू नका. कोणत्या न्यायालयात पाठवली, जावक क्रमांक आणि तारीख काय, हे लिहून घ्या. ते घेऊन त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायचा. जावक क्रमांक नसेल तर तिथला कारकून गु.र.नं. वरून शोधायला सहसा तयार होत नाही, आणि पुन्हा ठाण्याची फेरी पडते. विमा कंपनीला मात्र चोरीची खबर पहिल्याच दिवशी लेखी द्यायची, समरीची वाट न पाहता.