केस सापडला, पण कोणाचा?

चोर हातमोजे घालून ठशांची काळजी घेतो. केसांचं काय करणार? माणसाचे रोज ५० ते १०० केस आपसूक गळतात, कपड्यांना, गादीला, गाडीच्या सीटला चिकटतात आणि सहजासहजी कुजतही नाहीत. त्यामुळे तपासात केस हमखास हाती लागतो. पण त्यावरून गुन्हेगार पकडता येतो, हा समज निम्माच खरा आहे.

केस माणसाचा की जनावराचा, हे मायक्रोस्कोपखाली बहुधा पक्कं कळतं. केसावर बारीक खवल्यांचं आवरण असतं. माणसाचे खवले चपटे, एकावर एक बसलेले. मांजराचे पाकळ्यांसारखे टोकदार. केसाच्या मधोमध मज्जेची पट्टी असते. माणसात तिची रुंदी केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी भरते, कित्येकदा ती तुटक असते किंवा नसतेच. बहुतेक जनावरांत ती निम्म्याहून जास्त जागा व्यापते.

खरी गंमत मुळाशी आहे. झटापटीत उपटलेल्या केसाच्या मुळाला त्वचेच्या पेशी चिकटून येतात आणि त्यांतून व्यक्तीची ओळख पटवणारा डीएनए मिळू शकतो. आपोआप गळलेल्या केसाचं मूळ सुकलेलं, गोलसर गाठीसारखं असतं. त्यात असा डीएनए फारसा उरत नाही. मग मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतल्या डीएनएवर भागवावं लागतं. तो फक्त आईकडून येतो, म्हणजे आई, मामा, मावशी आणि सख्खी भावंडं, सगळ्यांचा सहसा सारखाच!

आणि नुसते दोन केस शेजारी ठेवून 'जुळतात' म्हणणं? वॉशिंग्टनमध्ये १९७८ साली एका टॅक्सीचालकाचा खून झाला. मारेकऱ्याच्या मुखवट्यातला, म्हणजे डोक्यावर चढवायच्या स्टॉकिंगमधला एक केस मायक्रोस्कोपखाली आरोपीच्या केसांशी जुळतो, असं एफबीआयच्या (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या) तज्ज्ञाने सांगितलं. तो दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता कदाचित एक कोटीत एक, असं सरकारी वकील म्हणाले. शिक्षा झाली. पुढे स्टॉकिंगमधल्या तेरा केसांची डीएनए चाचणी झाली. आरोपीचा एकही नव्हता. एक तर चक्क कुत्र्याचा निघाला. २०१२ मध्ये तो माणूस निर्दोष ठरला.

पुढे एफबीआयनेच जुनी प्रकरणं उकरली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. आरोपीविरुद्ध वापरलेल्या २६८ साक्षींपैकी २५७ साक्षींत तज्ज्ञांनी विज्ञानाला न पेलणारी विधानं केली होती. माझ्या मते दोष मायक्रोस्कोपचा नाही, त्यातून दिसलेल्या साम्याला 'ओळख' म्हणण्याचा आहे. संशयिताचे केस कुरळे आणि सापडलेला सरळ असेल, तर संशयिताला वगळायला मायक्रोस्कोप आजही उपयोगी पडतो. कोणता केस डीएनएसाठी पाठवायचा, हेही तोच ठरवतो.