नाशिकमध्ये सोनोग्राफी केंद्राची पीसीपीएनडीटी नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचे टप्पे

आधी नोंदणी, मग मशीन. नवं केंद्र काढणारे बरेच डॉक्टर हा क्रम उलटा धरतात आणि तिथेच अडकतात. गर्भलिंगनिदान रोखणारा गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा, म्हणजेच पीसीपीएनडीटी, १९९४ चा, त्याचे नियम १९९६ चे. या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला वा संस्थेला सोनोग्राफी मशीन विकणं, भाड्याने देणं किंवा नुसतं वापरायला देणंही गुन्हा आहे. त्यामुळे कंपनीचा माणूस "मशीन आत्ता ठेवून जातो, कागद मागून करू" म्हणाला तरी ते मशीन दारातून आत घेऊ नये. अर्जाला बिल लागत नाही. कोटेशनवरून मशीनची कंपनी आणि मॉडेल लिहायचं आणि मशीन बसल्यावर त्याचा अनुक्रमांक कळवून नोंदीवर चढवून घ्यायचा.

नोंदणी कोणाला लागते? "आमच्याकडे गरोदर बाई येतच नाही" हे उत्तर चालत नाही, कारण कायदा पेशंटकडे नाही, मशीनच्या क्षमतेकडे बघतो. गर्भाचं लिंग दिसू शकेल असं कोणतंही मशीन त्यात येतं. टूडी इको करणारे हृदयरोगतज्ज्ञ आणि आयसीयूत पोर्टेबल मशीन ठेवणारी रुग्णालयंही सुटत नाहीत. एक्स-रे आणि सीटीसाठी घेतलेला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना किरणोत्साराच्या सुरक्षेचा असतो, नर्सिंग होमची नोंदणी आणखी वेगळी. यातला एकही कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

अर्ज कुठे द्यायचा

नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याला कायदा "समुचित प्राधिकारी" म्हणतो. नाशिक महापालिकेच्या हद्दीत केंद्र असेल तर ते म्हणजे पालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी. पालिकेचं मुख्यालय शरणपूर रोडवर राजीव गांधी भवनात. मालेगाव शहराची महापालिका वेगळी, त्यामुळे तिथला अर्ज तिथेच. निफाड, सिन्नर, येवला, बागलाण अशा ग्रामीण भागासाठी जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय. शहराच्या कडेला, सिन्नर फाट्याच्या पुढे किंवा गंगापूर रोडच्या टोकाला जागा घेतली असेल तर पत्त्यात "नाशिक" आहे एवढ्यावर विसंबू नका. घरपट्टीची पावती महापालिकेची आहे की ग्रामपंचायतीची, ते बघा. चुकीच्या प्राधिकाऱ्याच्या नावाने फीचा डीडी काढला की तो रद्द करून नवा काढण्यात आठवडा सहज जातो.

डॉक्टरची पात्रता

सोनोग्राफी करणारा डॉक्टर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक हवा. त्याशिवाय त्याच्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी वा पदविका तरी हवी, नाहीतर २०१४ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेतून केलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण हवं. ते प्रशिक्षण ३०० तासांचं असतं, त्याची लॉगबुक असते आणि शेवटी क्षमता चाचणी असते. कंपनीने दिलेलं चार दिवसांचं "हँड्स-ऑन" प्रमाणपत्र इथे शून्य किमतीचं. तंत्रज्ञ मशीन लावून देईल, नोंदी ठेवील. पण प्रोब हातात घेऊन तपासणी करणं त्याचं काम नाही.

इथे एक गोष्ट नेहमी राहून जाते. पदव्युत्तर पदवी पदरात पडली म्हणजे ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत आपोआप चढत नाही, अतिरिक्त अर्हता म्हणून वेगळी नोंदवावी लागते. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचं प्रमाणपत्र हातात आहे, पण कौन्सिलच्या कागदावर अजून नुसतं एमबीबीएस, अशा अवस्थेत अर्ज केला की त्रुटी निघालीच. कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तीही चालू आहे ना ते तपासून घ्या.

एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर नाव नोंदवता येतं आणि दोन्हीकडच्या वेळा स्पष्ट लिहाव्या लागतात. मोजायचा तो जिल्हा. प्राधिकारी निराळा असला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. सकाळी नाशिक रोड आणि संध्याकाळी ओझर असं असेल तर पिंपळगाव बसवंतचं तिसरं केंद्र बसत नाही. वेळाही खऱ्या लिहा. दोन्ही ठिकाणी "सकाळी १० ते २" लिहिलेले अर्ज येतात, आणि एक माणूस दोन ठिकाणी कसा, हा प्रश्न पहिल्याच पडताळणीत विचारला जातो.

फॉर्म ए आणि सोबतचे कागद

अर्ज फॉर्म ए मध्ये, दोन प्रतींत. त्यात केंद्राचा प्रकार, मालकी, कोणत्या तपासण्यांसाठी मान्यता हवी, मशीनची यादी आणि कर्मचाऱ्यांची नावं, शिक्षण, अनुभव, नोंदणी क्रमांक भरायचे असतात. मालकी भागीदारीची वा कंपनीची असेल तर करारपत्र किंवा नियमावली आणि जबाबदार व्यक्तींची नावं जोडायची. तपासण्यांच्या रकान्यात नुसती सोनोग्राफी करणार असाल तर तेवढंच लिहा. उगाच ॲम्निओसेंटेसिसवरही (गर्भजल काढून तपासणी) खूण केली की त्यासाठीची वेगळी पात्रता आणि सोयी दाखवाव्या लागतात.

सोबत शपथपत्र लागतं, त्यात दोन हमी असतात: केंद्रात लिंगनिवड वा लिंगनिदानासाठी तपासणी होणार नाही आणि गर्भाचं लिंग कोणालाही सांगितलं जाणार नाही, ही एक, तसा फलक ठळकपणे लावू, ही दुसरी. जागेचा पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा मालकीचा उतारा, खोलीचा नकाशा, डॉक्टरांच्या संमतीचं पत्र, ओळखपत्रं आणि फोटो हे पडताळणीसाठी मागितलं जातं. कार्यालयाची चालू तपासणी यादी आधी घेऊन यावी, तिथे एक फेरी पडली तरी पुढच्या तीन वाचतात.

फी २०१२ च्या दुरुस्तीनुसार: नुसत्या सोनोग्राफी वा इमेजिंग केंद्राला २५,००० रुपये. आनुवंशिक समुपदेशन केंद्र, प्रयोगशाळा, क्लिनिक, सोनोग्राफी अशा सेवा एकत्र देणाऱ्या रुग्णालयाला ३५,०००. ती समुचित प्राधिकाऱ्याच्या नावे डीडीने भरायची आणि परत मिळत नाही. मात्र अर्ज नामंजूर झाला तर ९० दिवसांच्या आत त्याच केंद्रासाठी पुन्हा दिलेल्या अर्जाला नव्याने फी लागत नाही. ही सवलत फार थोड्यांना माहीत असते.

अर्ज दिल्यावर

फॉर्म ए च्या तळाशी पोचपावती असते. कार्यालयात हातोहात दिलेल्या अर्जाची पोच लगेच, टपालाने आलेल्याची पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायची, असा नियम आहे. ती घेतल्याशिवाय उठू नका, कारण पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. मग जागेची पाहणी होते आणि प्रकरण सल्लागार समितीपुढे जातं. समितीच्या दोन बैठकांत ६० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू नये अशी तरतूद आहे. म्हणजे एक बैठक हुकली तर दोन महिने थांबावं लागू शकतं. निर्णय नियमांतल्या मुदतीत कळवायचा असतो. मंजूर झालं तर फॉर्म बी मधलं प्रमाणपत्र दोन प्रतींत मिळतं, नामंजुरी फॉर्म सी मध्ये येते. भाडं कधीपासून सुरू करायचं ते हा हिशेब मांडून ठरवा.

प्रमाणपत्राची मुदत ५ वर्षं. ते दर्शनी भागात लावायचं. शेजारी गर्भलिंग सांगणं हा गुन्हा असल्याचा फलक, इंग्रजीत आणि मराठीत. कायद्याची व नियमांची प्रत केंद्रात हवी आणि पेशंटने मागितली तर दाखवायला हवी.

नोंदणीनंतर खरी परीक्षा बदलांची

डॉक्टर, जागा, मशीन यातलं काहीही बदलायचं तर ३० दिवस आधी कळवून सुधारित प्रमाणपत्र घ्यायचं. रेडिओलॉजिस्ट सुटीवर गेले म्हणून मित्राला आठवडाभर बसवणं, मशीन दुरुस्तीला गेलं म्हणून कंपनीचं डेमो मशीन वापरणं, जुनं मशीन बायबॅकमध्ये देऊन गप्प राहणं: सहज घडणाऱ्या या गोष्टींत लिंगनिदानाचा हेतू नसला तरी नियमभंग होतोच. नोंद नसलेलं मशीन सापडलं तर ते जप्त होतं. नोंदणी फीच्या पाचपट दंड भरून ते सोडवण्याची जुनी सोय २०११ च्या दुरुस्तीने काढली गेली. पोर्टेबल मशीन आवारातल्या दाखल पेशंटसाठी. गाडीत घालून दुसऱ्या दवाखान्यात न्यायचं नाही.

प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद फॉर्म एफ मध्ये. त्यात हयात मुलगे-मुलींची वयं, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पाळीची तारीख वा आठवडे हे रकाने रिकामे ठेवू नका आणि पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जोडून ठेवा. "सेल्फ रेफरल" म्हणजे तपासणारा डॉक्टर स्वतः ठरवतो ते, पेशंट आपणहून आली ते नव्हे. लिंग जाणून घ्यायचं नाही असं स्त्रीचं निवेदन तपासणीआधी, आणि लिंग पाहिलं वा सांगितलं नाही असं डॉक्टरचं निवेदन प्रत्येक रिपोर्टवर. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. नोंदी किमान २ वर्षं जपायच्या, खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत. नोंदीतली त्रुटी कलम ५ वा ६ चा (गर्भाचं लिंग सांगण्यावर आणि लिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या कलमांचा) भंग मानली जाते आणि तसं नाही हे डॉक्टरलाच सिद्ध करावं लागतं. "कारकुनी चूक" हा बचाव घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, फॉग्सी, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मे २०१९ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरल्यास कौन्सिलच्या नोंदवहीतून ५ वर्षं नाव जातं.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी, पुन्हा फॉर्म ए मध्ये, दोन प्रतींत, निम्मी फी भरून. ९० दिवसांत उत्तर आलं नाही तर नोंदणी नूतन झाली असं नियम मानतो, पण त्यासाठी वेळेत दिलेल्या अर्जाची तारखेसह पोच फाइलमध्ये असावी लागते. नोंदणी निलंबित वा रद्द झाल्यास आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.