औषधं लिहायला शिकवायचं, पण चूक म्हणायचं कशाला?

वॉर्डात औषधं लिहायला डॉक्टर पूर्वी वरिष्ठांच्या मागे राऊंड घेता घेता शिकत. औषधशास्त्र वर्गात, रुग्णाच्या औषधांचा चार्ट भरण्याचा सराव मात्र थेट रुग्णावर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका अहवालाने वैद्यकीय चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत वर्षाला ४४ ते ९८ हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला आणि हा विषय दबक्या आवाजातून बाहेर पडला.

खरा घोळ ‘चूक’ या शब्दाचाच आहे. २००० मध्ये इंग्लंडमध्ये तज्ज्ञांची मतं घेऊन एक व्याख्या ठरली. लिहिण्याच्या निर्णयामुळे किंवा पद्धतीमुळे, सर्वमान्य रीतीच्या तुलनेत, उपचार वेळेवर लागू पडण्याची शक्यता नकळत बरीच घटली किंवा अपायाचा धोका वाढला, तर ती चूक. अपाय झालाच पाहिजे अशी अट नाही. न वाचता येणारं अक्षर चुकीत धरलं. रुग्णालयाच्या उपचार-सूचना डावलणं मात्र वगळलं! प्रशिक्षणात नेमक्या त्याच सूचना घोकून घेतल्या जातात, म्हणून हे वगळणं खटकतं. शिवाय सर्वमान्य म्हणजे कुणाला मान्य? ‘प्रशिक्षणानंतर चुका निम्म्या झाल्या’ असं कुणी सांगितलं, की मोजलं काय हे आधी विचारावं.

इंग्लंडमधल्याच १९ रुग्णालयांच्या पाहणीत (२००९) सुमारे १ लाख २४ हजार औषध-नोंदींपैकी ८.९ टक्क्यांत चूक सापडली. सगळं खापर नवख्यांवर फुटेल असं वाटलं होतं. पण पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांचं प्रमाण ८.४ टक्के, दुसऱ्या वर्षाच्यांचं १०.३ आणि वरिष्ठांचंही ५.९ निघालं. जवळपास सगळ्या चुका रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच पकडल्या गेल्या, बहुतेकदा फार्मासिस्टकडून. कारणांत अज्ञानाबरोबर कामाचा ताण होता आणि वरिष्ठांना विचारायचा संकोचही.

तरी पहिला भर पडला तो शिकवण्यावर. तिथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी औषधलेखनाची स्वतंत्र परीक्षा आली. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटसारखं आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध चुकून रोज लिहिलं जाऊ नये म्हणून वार लिहायची सवय लावली जाऊ लागली. माझ्या मते परीक्षेपेक्षा फार्मासिस्टने ‘हा तुमचा चार्ट’ म्हणून त्याच डॉक्टरला चूक दाखवणं जास्त उपयोगी. पण त्यासाठी वॉर्डात माणूस लागतो, परीक्षेला संगणक पुरतो.

२०१७ मध्ये औषधांमुळे होणारा गंभीर पण टाळता येणारा अपाय पाच वर्षांत निम्मा करण्याचं जागतिक उद्दिष्ट जाहीर झालं. त्यात मोजायचा होता अपाय. चूक नव्हे.