मार्कस गार्वी

मार्कस गार्वी (१७ ऑगस्ट १८८७–१० जून १९४०) हे कृष्णवर्णीय राष्ट्रवादाचे जमैकन नेते, पत्रकार व संघटक होते. जमैकातील सेंट ॲन्स बे येथे एका गवंड्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. छापखान्यात उमेदवारी करून ते किंग्स्टनला गेले आणि तेथील मुद्रण कामगारांच्या संपात सामील झाले. मध्य अमेरिकेत मळ्यांवर राबणाऱ्या वेस्ट इंडियन मजुरांची अवस्था त्यांनी पाहिली. लंडनहून परतल्यावर १९१४ मध्ये त्यांनी ‘युनिव्हर्सल नीग्रो इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली.

१९१६ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कचा हार्लेम भाग संघटनेचे केंद्र बनला. त्यांच्या ‘नीग्रो वर्ल्ड’ या साप्ताहिकावर अनेक वसाहतींत बंदी होती, तरी ते खलाशांच्या हातून आफ्रिकेपर्यंत पोहोचत असे. ऑगस्ट १९२० च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा जाहीरनामा आणि लाल, काळा व हिरवा असा तिरंगी ध्वज स्वीकारण्यात आला.

आर्थिक स्वावलंबनाशिवाय राजकीय मान मिळत नाही, या त्यांच्या भूमिकेचे सर्वांत धाडसी रूप म्हणजे १९१९ मध्ये स्थापन झालेली ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी. तिचे पाच डॉलरचे शेअर मोलकरणी, हमाल आणि गिरणी कामगारांनी पोटाला चिमटा घेऊन विकत घेतले. परंतु ‘यार्मथ’सारखी जुनाट जहाजे अवाच्या सवा किमतीला घेतली गेली, दुरुस्तीचा खर्च आणि गैरव्यवस्थापन वाढत गेले आणि १९२२ मध्ये कंपनी बंद पडली. तोट्याची जबाबदारी गार्वींवरही येते. मात्र शेअरविक्रीत टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या खटल्यात चार आरोपींपैकी एकट्या त्यांनाच, तेही मुख्यतः एका रिकाम्या लिफाफ्याच्या आधारे, १९२३ मध्ये दोषी ठरवले गेले, हे न्यायाला धरून नव्हते.

वंशशुद्धीच्या आग्रहापायी त्यांनी १९२२ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या नेत्याची भेट घेतली. या कृतीचे समर्थन करता येत नाही. तिच्यामुळे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्यासारख्या कृष्णवर्णीय विरोधकांची टीका अधिक तीव्र झाली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ मध्ये गार्वींची शिक्षा कमी केल्यावर त्यांना हद्दपार करण्यात आले. जमैकात त्यांनी ‘पीपल्स पोलिटिकल पार्टी’ काढली, पण निवडणुकीत तिला फारसे यश आले नाही. १९३५ पासून ते लंडनमध्ये होते आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

१९६४ मध्ये त्यांचे अवशेष जमैकात आणण्यात आले आणि देशाचे पहिले राष्ट्रीय वीर म्हणून त्यांचा गौरव झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांचे आईवडील गार्वींच्या संघटनेचे कार्यकर्ते होते. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्यावरही गार्वींच्या विचारांचा मोठा प्रभाव होता, आणि घानाच्या राष्ट्रध्वजावरील काळा तारा ‘ब्लॅक स्टार लाइन’वरूनच आला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी गार्वींना मरणोत्तर माफी दिली.