मुलांच्या माध्यमिक शाळेत पाचवी-आठवीचा प्रवेश: अर्ज नेमका कुठे अडतो

जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या बऱ्याच शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. त्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांच्या दारात गर्दी होते ती पाचवीला आणि आठवीला. सहावी, सातवी, नववीत जागा निघाली तर ती कोणीतरी शाळा सोडल्यामुळेच. मुलांच्या जुन्या, नावाजलेल्या शाळांचे आणखी एक गणित असते. संस्थेची स्वतःची प्राथमिक शाळा असेल तर तिथली चौथीची मुले आधी वर येतात आणि उरलेल्या जागाच बाहेरच्यांना मिळतात. म्हणून फॉर्म विकत घेण्याआधी ‘पाचवीत एकूण जागा किती’ असे विचारू नका, ‘बाहेरच्या मुलांसाठी किती’ असे विचारा. शाळा अजून फक्त मुलांचीच आहे का, तेही विचारून ठेवा. पाटीवर ‘मुलांची शाळा’ असली तरी काहींनी आता मुलींनाही प्रवेश द्यायला सुरुवात केली आहे.

अर्ज भरणे सोपे आहे. शाळेचा फॉर्म, मुलाचे फोटो, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, प्रगतिपत्रक, जन्मदाखला, मुलाच्या आणि पालकांच्या आधारच्या झेरॉक्स, रहिवासाचा एखादा पुरावा, असल्यास जातीचा दाखला. एवढ्यावर काम व्हायला हवे. होत नाही, कारण हे कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

त्याआधी एक गैरसमज. ‘आम्हाला आरटीईतून पाचवीला घ्या’ म्हणत दरवर्षी पालक येतात. आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातली, २५ टक्के राखीव जागांची सोडत फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठी, म्हणजे पूर्वप्राथमिक किंवा पहिलीसाठी असते आणि ती विनाअनुदानित शाळांत होते. पाचवीला किंवा आठवीला अशी सोडत नसते, त्यामुळे तिची वाट पाहण्यात मे महिना घालवू नका. पण त्याच कायद्याची बाकीची कलमे आठवीपर्यंत तुमच्या कामाची आहेत. कलम १३ नुसार मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. ‘छोटीशी मुलाखत’, ‘फक्त वाचून दाखवायला सांगतो’ हीसुद्धा चाळणीच.

आता दाखला. बोनाफाईड म्हणजे दाखला नव्हे. बोनाफाईड सांगते की मुलगा इथे शिकतो आहे. शाळा सोडल्याचा दाखला सांगतो की त्याने ही शाळा सोडली. प्रवेशाला दुसरा लागतो आणि तोही मूळ. तो नव्या शाळेत जमा होतो आणि परत मिळत नाही. पुढे जातीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत कुठेही तो मागितला जाऊ शकतो. म्हणून जमा करण्याआधी त्याच्या दोन-तीन रंगीत झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर स्वच्छ फोटोही घेऊन ठेवा. मूळ हरवला तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे आलेच. परराज्यातून येणाऱ्यांच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती तिथून निघण्याआधीच घ्या. इथे पोहोचल्यावर त्या एका सहीसाठी पुन्हा रेल्वेचे तिकीट काढावे लागते.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पुढच्या मुद्द्यावर. नवी शाळा आपल्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात जुन्या दाखल्यावरूनच उतरवून घेते, जन्मदाखल्यावरून नाही. पालक खिडकीशी जन्मदाखला पुढे करून म्हणतात, “साहेब, हे बघा, खरी तारीख ही आहे, ती लिहा.” लिपिकाला ते करता येत नाही. यात त्याचा आडमुठेपणा नसतो, नियमच तसा आहे. दुरुस्ती जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये व्हायला हवी. मुलगा तिथे शिकत असेपर्यंत ती मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून होते. दाखला निघाला, मुलगा पटावरून कमी झाला की तेच काम कितीतरी पटीने अवघड होते. म्हणजे क्रम असा: आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर शेजारी ठेवून ताडून पाहा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या आणि मगच दाखल्यासाठी अर्ज करा. हे जानेवारी-फेब्रुवारीत करायचे काम आहे. निकाल लागल्यावर सुचले तर उशीर झालेला असतो.

काय ताडायचे? वडिलांचे नाव एकीकडे ‘पांडुरंग’ आणि दुसरीकडे ‘पांडू’. आडनावाआधी ‘राव’ आहे आणि नाही. मुलाचे घरचे नाव रजिस्टरला गेलेले. जन्मतारीख १ जून, कारण पहिलीत घालताना कोणाकडे कागद नव्हता आणि गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा. ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांतल्या मुलांच्या नोंदी मात्र आजही नीट पाहून घ्या. जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिलेले असेल किंवा पोटजात चुकली असेल तर तेही आत्ताच सांगा. हीच नोंद नव्या रजिस्टरमध्ये उतरते, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव त्या रजिस्टरवरूनच जाते.

जन्मदाखल्याचीही एक खोच आहे. अनेक दाखल्यांवर बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. असा दाखला मुलाचा पुरावा म्हणून कोणी धरत नाही. नाव नंतर घालून घेता येते, पण नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत. जिथे जन्माची नोंद आहे त्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज करावा लागतो. पाचवीच्या मुलाकडे वेळ आहे. नववीच्या मुलाच्या पालकांनी आजच जावे.

जन्मदाखला नाहीच, म्हणून कोणी परत पाठवले तर? आठवीपर्यंत वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर पालकांचे घोषणापत्र चालते. आधारचेही तसेच. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. तरी शाळा आधारसाठी मागे लागतात, आणि त्याचे कारण समजून घेतले तर भांडण कमी होईल. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात, त्यालाच संचमान्यता म्हणतात. त्या हिशेबात आधार जुळलेलीच मुले धरली जातात. नाव किंवा तारीख जुळली नाही तर मुलगा बाकावर बसलेला असूनही कागदावर नसतो. आधार बाळपणीचे असेल तर वयाच्या ५ वर्षांनंतरचे बोटांचे ठसे आणि फोटो दिले आहेत का, पाहा.

याच संचमान्यतेमुळे जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करते. ‘मुख्याध्यापक रजेवर आहेत’, ‘पुढच्या सोमवारी या’, ‘फी बाकी आहे’. एक-दोन मुले गेली तर शिक्षकाचे पद जाते, ही भीती खरी आहे, पण तिची किंमत मुलाने का मोजायची? कलम ५ सांगते की दाखला ताबडतोब द्यायचा आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवायचा नाही. दाखल्याचा अर्ज लेखी द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ती पोच नव्या शाळेत दाखवा. तोंडी मागणीची नोंद कुठेच होत नाही. नवी शाळाही जुन्या शाळेला दाखला मागणी पत्र पाठवू शकते, तशी विनंती करा.

कागद हातात आला तरी मुलगा संगणकावर जुन्याच शाळेत असतो. राज्याची सरल आणि केंद्राची यूडायस प्लस या विद्यार्थी-नोंदीच्या दोन्ही संगणक प्रणालींत त्याला नव्या शाळेकडे घ्यावे लागते. जुन्या शाळेने त्याला सोडलेला दाखवायचे आणि नव्या शाळेने ओढून घ्यायचे. त्यासाठी सरलचा १९ अंकी विद्यार्थी क्रमांक आणि यूडायसचा ११ अंकी पेन, म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक लागतो. दाखल्यावर हे नसतील तर निघतानाच शाळेकडून लिहून घ्या. पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी ‘नाव दिसत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा मूळ बहुधा इथेच सापडते.

तारखांचे थोडक्यात. निकाल साधारण १ मेच्या सुमारास, वर्ग जूनच्या मध्यावर, विदर्भात त्यानंतर. फॉर्म मात्र अनेक शाळा एप्रिलमध्येच देतात आणि जागा भरल्या की बंद करतात. फलकावरची तारीख बहुतेकदा फॉर्म देण्याची असते, जमा करण्याची वेगळी, आणि यादी लागल्यावर फी भरून प्रवेश निश्चित करायची तिसरीच. तिसरी चुकली की जागा प्रतीक्षा यादीला जाते. मुदत संपल्यावर आलात तरी आठवीपर्यंत केवळ त्या कारणावर मुलाला शिक्षणाबाहेर ठेवता येत नाही. मात्र याच शाळेत जागा मिळेल, असा त्याचा अर्थ नाही.

नववीला नियम बदलतात. आरटीईचे संरक्षण आठवीला संपते, त्यामुळे वरची कलमे तिथे दाखवून उपयोग नाही. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे आता आवश्यक आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा होते आणि तिथेही अडले तर मूल त्याच वर्गात राहते. म्हणून आठवीच्या प्रगतिपत्रकावर ‘उत्तीर्ण’ असा स्पष्ट शेरा आहे का, पाहा. विषयही विचारा. आधी संयुक्त हिंदी-संस्कृत घेतलेल्या मुलाला नव्या शाळेत फक्त संपूर्ण हिंदी मिळाली, किंवा मराठी माध्यमातून येऊन तुकडी सेमी-इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी निघाली, तर त्या विषयांत त्याची पहिली चाचणी वाया जाते. दहावीत शाळा बदलणे शक्यतो टाळाच.

प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. ‘लेखी देता येत नाही’ असे उत्तर आले तर तुमचाच अर्ज आवकला टाकून पोच घ्या आणि ती जोडून जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात तक्रार द्या. मुंबईत हेच काम शिक्षण निरीक्षक पाहतात. प्रवेश मिळाला तर पहिल्याच आठवड्यात जनरल रजिस्टरचा क्रमांक विचारून त्यातली मुलाची ओळ स्वतः वाचा. लिहिण्यातली चूक तेव्हाच दाखवली तर लवकर सुधारते.