सद्दाम हुसेनची अटक : लोकप्रतिक्रिया

इराकचा पदच्युत हुकूमशहा सद्दाम हुसेन याला १३ डिसेंबर २००३ रोजी तिक्रितजवळच्या अद-दौर गावात अमेरिकी सैन्याने पकडले. दुसऱ्या दिवशी ही बातमी जाहीर झाल्यावर इराकमध्ये, शेजारच्या देशांत आणि इतरत्र ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांची ही नोंद आहे. या प्रतिक्रिया सहसा ‘शिया आणि कुर्द आनंदले, सुन्नी संतापले’ अशा एका वाक्यात सांगितल्या जातात. सद्दाम स्वतः सुन्नी होता आणि त्याच्या राजवटीचा जाच शिया आणि कुर्दांना सर्वाधिक झाला, म्हणून ते वाक्य चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. त्या दिवशी बगदादमध्ये एकाच घरात, कित्येकदा एकाच माणसाच्या मनात, सुटकेचा आनंद आणि मान खाली गेल्याची भावना शेजारीशेजारी होत्या.

पार्श्वभूमी. सद्दाम १९७९ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष झाला. त्याआधीची काही वर्षेही सत्तेच्या खऱ्या चाव्या त्याच्याकडेच होत्या. ९ एप्रिल २००३ रोजी अमेरिकी सैन्यापुढे बगदाद पडले, फिर्दोस चौकातला त्याचा पुतळा खाली आला, लोकांनी पुतळ्याच्या तोंडावर चपला मारल्या. तो स्वतः मात्र सापडला नाही. पुढचे आठ महिने त्याच्या आवाजातल्या ध्वनिफिती अरबी वाहिन्यांवर वाजत राहिल्या आणि ‘तो परत येईल’ ही धास्ती कायम राहिली. १९९१ मध्ये, कुवेतच्या युद्धात हरल्यावर सद्दामविरुद्ध झालेल्या उठावाच्या वेळी, ही धास्ती खरी ठरली होती. राजवट कोसळली असे समजून लोक रस्त्यावर आले, राजवट टिकली आणि हजारो माणसे सामूहिक थडग्यांत गेली. त्यांतले हिल्लाजवळच्या महाविल येथील मोठे थडगे २००३ च्या मे महिन्यात उकरले गेले. त्यामुळे २००३ मध्ये बोलताना आवाज दबका ठेवणाऱ्यांना भित्रे म्हणता येत नाही. अनुभवाने ते शहाणे झाले होते.

२२ जुलै २००३ रोजी मोसुलमध्ये उदय आणि कुसय हे त्याचे दोन्ही मुलगे मारले गेले, तेव्हाही बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला नाही. अखेर अमेरिकी सैन्याने मृतदेहांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. डिसेंबरातली चित्रफीत दाखवण्यामागे हा अनुभव होता, हे पुढच्या वादाकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

आणखी एक तपशील त्या दिवसांचे वातावरण नेमके दाखवतो. १५ ऑक्टोबर २००३ पासून इराकमध्ये जुन्या दिनारच्या नोटा बदलून नव्या देण्याचे काम सुरू होते आणि ते १५ जानेवारी २००४ पर्यंत चालायचे होते. जुन्या नोटांवर सद्दामचा चेहरा होता, नव्यांवर नव्हता. म्हणजे तो पकडला गेल्याची बातमी आली त्या दिवशी लोकांच्या खिशात त्याचा चेहरा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही नोटा एकत्र होत्या.

अटक आणि घोषणा. चौथ्या पायदळ डिव्हिजनच्या सुमारे ६०० सैनिकांनी आणि विशेष पथकाने रात्री साडेआठच्या सुमारास एका शेतावरच्या झोपडीवजा घराला वेढा घातला. अंगणात जमिनीखाली माणूस कसाबसा आडवा होईल एवढा खड्डा होता. वर थर्माकोलचे झाकण, त्यावर विटा आणि माती. हवेसाठी एक नळी आणि छोटा पंखा. आत सद्दाम होता. त्याच्याजवळ पिस्तूल होते, ते त्याने चालवले नाही. घरातून साडेसात लाख डॉलर रोख आणि दोन एके-४७ बंदुका मिळाल्या. बाहेर पांढऱ्या-नारिंगी रंगाची एक टॅक्सी उभी होती. एकही गोळी सुटली नाही, कोणी जखमी झाले नाही.

बातमी पहिल्यांदा फुटली ती इराणच्या वृत्तसंस्थेकडून, कुर्द नेते जलाल तलबानी यांच्या हवाल्याने. १४ डिसेंबरला दुपारी बगदादच्या पत्रकार परिषदेत अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी ‘वी गॉट हिम’, म्हणजे ‘आम्ही त्याला पकडले’, असे जाहीर केले. पाठोपाठ लेफ्टनंट जनरल रिकार्डो सांचेझ यांनी चित्रफीत लावली. पडद्यावर वाढलेली, पिंजारलेली दाढी दिसताच सभागृहातले इराकी पत्रकार उभे राहून ओरडू लागले. ‘सद्दामला मृत्यू’ अशा घोषणा झाल्या. पत्रकाराने असे करावे का, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. वर्षानुवर्षे त्याचे नाव उच्चारताना इकडेतिकडे पाहून घ्यावे लागलेली ती माणसे होती.

ब्रेमर यांच्या त्या छोट्याशा वाक्यातला ‘आम्ही’ मात्र अनेक इराकींना बोचला. ज्याने त्यांची माणसे मारली त्याला पकडणारे दुसरेच होते, आणि ती बातमीही त्यांना परक्या भाषेत ऐकावी लागली. पुढच्या सगळ्या संमिश्र प्रतिक्रियांचे मूळ या एका शब्दात दिसते.

जल्लोष. बगदादमध्ये दुपारपासून हवेत गोळीबार सुरू झाला, तो रात्रीपर्यंत थांबला नाही. गाड्यांचे भोंगे वाजत होते, रस्त्यात मिठाई आणि गोळ्या-चॉकलेटे उधळली जात होती. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते लाल झेंडे घेऊन बाहेर पडले; १९७० च्या दशकाच्या अखेरीस सद्दामच्या बाथ पक्षाने त्यांना अक्षरशः वेचून संपवले होते. नजफ, करबला आणि बगदादमधील सद्र सिटी या शियाबहुल भागांत लोकांनी रस्ते भरले. उत्तरेकडे किर्कुक, सुलेमानिया, अर्बिल इथे कुर्द स्त्री-पुरुष रस्त्यावर नाचले. हलब्जाची गोष्ट वेगळी होती. १६ मार्च १९८८ रोजी रासायनिक बॉम्बहल्ल्यात सुमारे ५,००० माणसे गमावलेल्या या गावात आनंदाबरोबर एक मागणीही होती : याला इथे आणा, याला विचारा.

तो प्रश्न विचारण्याची पहिली संधी नियामक मंडळाच्या, म्हणजे अमेरिकेने नेमलेल्या हंगामी इराकी मंडळाच्या, चौघांना मिळाली. अदनान पाचाची, अहमद चलबी, आदिल अब्दुल महदी आणि मुवफ्फक अल-रुबाई यांना ओळख पटवण्यासाठी कोठडीत नेण्यात आले. त्यांनी हलब्जाबद्दल विचारले, थडग्यांबद्दल विचारले. त्यांच्या सांगण्यानुसार सद्दामला कशाचाही पश्चात्ताप नव्हता. थडग्यांतली माणसे चोर होती, असे त्याचे उत्तर होते. सद्र घराण्यातील शिया धर्मगुरूंच्या हत्येविषयी विचारल्यावर त्याने शब्दाशी खेळ केला. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती. ‘छाती की पाय?’ असे तो म्हणाला. बाहेर रस्त्यावर लोक नाचत असताना आत हे चालले होते. ज्यांच्या घरातले कोणी परतले नव्हते त्यांना हे उत्तर कळले, तेव्हा त्यांच्या आनंदाचे काय झाले असेल, याची कल्पना केलेली बरी.

शरम आणि संशय. चित्रफितीत एक लष्करी डॉक्टर रबरी हातमोजे घालून सद्दामचे केस चाचपतो, जीभ दाबायची पट्टी आणि टॉर्च घेऊन तोंडात डोकावतो. सद्दाम सांगितल्यासारखा तोंड उघडतो. काही सेकंदांचे हे दृश्य दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ज्यांनी त्याचा मनापासून द्वेष केला, त्यांच्यातल्याही अनेकांना ते पाहवले नाही. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी सारख्या येत. एक, हा माणूस आपला राष्ट्राध्यक्ष होता आणि परक्या सैनिकाने त्याचे दात तपासावेत हा देशाचा अपमान आहे. दुसरी, अधिक कडू : त्याने गोळी का झाडली नाही? लाखो तरुणांना इराणच्या आणि कुवेतच्या आघाड्यांवर मरायला पाठवणारा, शौर्याच्या गोष्टी सांगणारा माणूस स्वतःच्या वेळी खड्ड्यात लपला आणि हात वर करून बाहेर आला. समर्थकांना हे सोसले नाही आणि विरोधकांनाही सोसले नाही, कारण अशा माणसाला आपण एवढे भ्यायलो, हे मान्य करावे लागत होते. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत खोल प्रतिक्रिया हीच होती.

न पेलणाऱ्या सत्याभोवती अफवा जमतात तशा इथेही जमल्या. पकडलेला माणूस तोतया आहे, असे काहींनी म्हटले. डीएनए चाचणी झाली, माजी उपपंतप्रधान तारिक अझीझसह जुन्या सहकाऱ्यांनी त्याला ओळखले, तरी शंका पुरत्या मिटल्या नाहीत. त्याला गुंगीचे औषध दिले असावे, असे जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये आश्रयाला असलेली त्याची मुलगी रगद हिने अरबी वाहिनीवर सांगितले. खजुराची अफवा तर खास इराकी होती. अटकेच्या जागेच्या छायाचित्रात झाडाला खजूर लटकलेला दिसत होता. डिसेंबरात झाडावर खजूर नसतो, म्हणजे त्याला उन्हाळ्यातच पकडून ठेवले होते, असा तर्क लढवला गेला. खजुराच्या हंगामावर ज्या देशात लहान मूलही बोलू शकते, तिथे हा पुरावा अनेकांना चाचणीपेक्षा भक्कम वाटला.

सुन्नीबहुल भागांत पहिला दिवस बहुतेक शांत गेला. मग तिक्रित, फलुजा, रमादी आणि बगदादच्या अधमिया वस्तीत मोर्चे निघाले. ‘प्राणाने, रक्ताने आम्ही तुझ्यासाठी कुर्बान, सद्दाम’ ही जुनी सक्तीची घोषणा आता स्वेच्छेने दिली जात होती. चकमकी झाल्या, माणसे मेली. मात्र या मोर्च्यांतले सगळेच सद्दामचे चाहते नव्हते. सैन्य आणि बाथ पक्ष बरखास्त झाल्याने नोकरी, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा एकदम गेलेल्यांचा राग त्यात मोठा होता.

इतर देश. कुवेतमध्ये आनंद होता, पण १९९०-९१ च्या इराकी ताब्याच्या काळात नेलेल्या सहाशेवर बेपत्ता माणसांच्या घरी पहिला प्रश्न हाच होता की आता तरी तो त्यांचा ठावठिकाणा सांगेल का. आठ वर्षांच्या युद्धाने पोळलेल्या इराणने स्वागत केले आणि खटल्यात आपल्याही तक्रारींचा विचार व्हावा असे म्हटले. वेस्ट बँक आणि गाझात दुःख होते. सद्दाम आत्मघाती हल्लेखोरांच्या कुटुंबांना २५,००० डॉलर देत असे आणि तिथे त्याची प्रतिमा इस्राएलसमोर उभ्या राहिलेल्या नेत्याची होती. व्हॅटिकनचे कार्डिनल रेनातो मार्तिनो यांनी गुरासारखे दात तपासताना पाहून दया आली, ही दृश्ये टाळता आली असती, असे उघडपणे सांगितले. कैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून जपावे असे तिसरा जिनिव्हा करार सांगतो. मार्चमध्ये इराकी दूरचित्रवाणीने अमेरिकी कैदी दाखवले तेव्हा अमेरिकेने याच कलमाचा आधार घेऊन निषेध केला होता.

अमेरिकेत अध्यक्ष बुश यांची लोकप्रियता काही दिवस वाढली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे हॉवर्ड डीन यांनी या अटकेमुळे अमेरिका अधिक सुरक्षित झालेली नाही असे म्हटले, त्याबद्दल त्यांच्यावर त्यांच्याच पक्षातून टीका झाली. फ्रान्स आणि जर्मनीने, युद्धाला विरोध केलेला असूनही, अभिनंदन केले.

पुढे काय झाले. हिंसाचार ओसरेल ही आशा टिकली नाही. २ मार्च २००४ रोजी आशुराच्या, म्हणजे शियांच्या शोकाच्या, दिवशी करबला आणि बगदादमधील काझिमिया इथे स्फोट झाले. एप्रिलमध्ये फलुजा पेटले आणि ज्या सद्र सिटीत चार महिन्यांपूर्वी मिठाई वाटली गेली, तिथल्याच तरुणांनी अमेरिकी सैन्यावर बंदुका रोखल्या.

खटल्यासाठीचे विशेष न्यायाधिकरण अटकेच्या अवघे तीन दिवस आधी स्थापन झाले होते. पहिला खटला उभा राहिला तो १९८२ मधील दुजैल गावातल्या १४८ जणांच्या हत्येचा. त्यातच ५ नोव्हेंबर २००६ रोजी फाशी सुनावली गेली आणि ३० डिसेंबरला, सुन्नींच्या बकरी ईदच्या दिवशी, ती अमलात आली. कोठडीत त्याला प्रश्न विचारणाऱ्या चौघांपैकी रुबाई तिथे हजर होते. मोबाइलवर टिपलेल्या त्या दृश्यात टोमणे ऐकू येतात, आणि २००३ चाच जल्लोष आणि तीच शरम पुन्हा उसळली. कुर्दांच्या संहाराचा अन्फाल खटला त्या वेळी चालू होता. ८ जानेवारी २००७ रोजी त्यातून सद्दामचे नाव वगळण्यात आले, कारण आरोपी हयात नव्हता. हलब्जाच्या आरोपाखाली तो कधीच कठड्यात उभा राहिला नाही. त्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली ती त्याचा चुलतभाऊ अली हसन अल-माजिद याला, जानेवारी २०१० मध्ये.